गुडघे दुखतात म्हणून कॅल्शियम? या चुका टाळा

पन्नाशीतल्या बाईचे गुडघे बोलायला लागले की ती आधी कॅल्शियम मागते. शेजारणीला लागू पडलं म्हणे! आमच्या औषधाच्या दुकानात हे रोजचंच. गुडघ्याच्या संधिवातात मुख्यतः झिजते ती कूर्चा, म्हणजे लोक जिला गादी म्हणतात ती. कॅल्शियमने ती भरून येत नाही. हाडं ठिसूळ होणं हा वेगळा आजार. पाळी गेल्यावर तो बळावतो आणि हाड मोडेपर्यंत बहुधा कळतही नाही. कॅल्शियम लागतं ते त्यासाठी. गुडघ्याला हवा मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि उतरवलेलं वजन. हे सांगितलं की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. घाम नको, गोळी द्या!

सगळ्यात डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे सकाळी सगळ्या गोळ्या एका मुठीत घेणं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंची थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं चालू होती. गुडघ्यासाठी कॅल्शियम सुरू झालं आणि काही महिन्यांत टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, चढला; तो चढला की औषध कमी पडतंय असं धरतात. थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवला, तरी पुढचा रिपोर्ट तसाच. काकू माझ्यावरच घसरल्या, "तुमच्याकडचा माल जुना दिसतोय!" म्हटलं, डबा घेऊन या. सकाळच्या कप्प्यात थायरॉइडची चिमुकली गोळी आणि तिला खेटून कॅल्शियमचा ढब्बू! पोटात कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊच देत नाही. दोघांत चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर नेलं, डॉक्टरांच्या कानावर घातलं, मग डोस परत खाली आला. तेव्हापासून मी स्ट्रिपवर मार्करने 'दु. जेवणानंतर' लिहूनच देतो. लोहाची गोळीही कॅल्शियमपासून लांबच ठेवा.

पाकिटावरच्या १२५० आकड्याला भुलू नका. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटात कॅल्शियम ५००च असतं. म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका. एका वेळी ५००च्या वर गेलं की शोषण कमी होतं.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं, पण त्यात जेवणातलंही धरायचं. पेलाभर दुधात साधारण २४०, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. शिवाय तीळ, शेवग्याचा पाला. चहातलं चमचाभर दूध हिशेबात धरू नका.

ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं सॅशे सहसा आठवड्यातून एकदाचं असतं. रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढू शकतं. उलट्या होतात, मूत्रपिंडावर येतं.

कॅल्शियमसाठी पानाचा चुना दह्यात कालवून? नको. तोंड भाजतं, आणि पोटात किती गेला याचा पत्ता नाही.

घटक न छापलेल्या 'सांधेदुखीच्या पुड्या' तर नकोच नको. दोन दिवसांत गुडघा हलका झाला तर आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. ते बरेच दिवस पोटात गेलं की हाडंच पोखरतं.

मुतखडा होऊन गेला असेल तर कॅल्शियमची गोळी डॉक्टरांना विचारूनच. दूध-दही मात्र स्वतःहून तोडू नका.