उन्हाळ्यात कळलावीची कुंडी कशी सांभाळावी

विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा कळलावीच्या कुंडीत नुसती कोरडी माती दिसते. वेल मेली असे समजून लोक एकतर तिला पाणी घालत सुटतात किंवा कुंडी रिकामी करून टाकतात. या दोन्हींची गरज नसते, कारण पावसाळ्यात फुलणाऱ्या या वेलीचा कंद उन्हाळाभर मातीत सुप्तावस्थेत असतो.

पावसाळा सरल्यावर वेल पिवळी पडू लागली, की पाणी कमी करत न्यावे आणि ती पूर्ण वाळल्यावरच मातीलगत कापावी. कुंडी नीटनेटकी दिसावी म्हणून हिरवी वेल छाटू नये. पुढच्या वर्षीचा कंद त्याच पानांवर पोसला जात असतो.

खरी कसोटी मार्च ते मे या महिन्यांत लागते. ‘आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी द्या, म्हणजे कंद सुकणार नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि माझ्या मते कळलावी उन्हापेक्षा या सल्ल्यानेच अधिक दगावते. पाने असताना मुळांनी शोषलेले पाणी पानांवाटे उडून जाते. पाने नसताना ओल कंदाभोवती तशीच राहते, माती तापलेली असते आणि बुरशीला आयतेच फावते. वरून काहीही कळत नाही. जून उलटला तरी कोंब दिसेना म्हणून माती उकरावी, तर बोटांना कंदाऐवजी आंबूस वासाचा लगदा लागतो. म्हणून पाणी पूर्ण बंद म्हणजे बंद. कुंडी मात्र, विशेषतः काळी प्लास्टिकची असल्यास, तापलेल्या गच्चीवरून उचलून उत्तरेकडील भिंतीच्या सावलीत ठेवावी.

कंद जिवंत आहे का, हे उकरून पाहण्याचा मोह आवरावा. त्याच्या दोन फाट्यांच्या टोकांशीच डोळे असतात आणि टोक मोडले, की तो फाटा सहसा वाया जातो. शिवाय कंदात कोल्चिसिन हे विष असल्याने तो हाताळताना हातमोजे घालावेत आणि मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावा.

वळवाच्या सरीही कुंडीवर पडू देऊ नयेत. त्या ओलीने कंद जागा होतो आणि पुढच्या कोरड्या दिवसांत कोवळा कोंब करपतो. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर कुंडी उजेडात आणावी, वरची माती काढून शेणखत मिसळलेली माती भरावी आणि काठीचा आधार द्यावा.

भुईचाफ्यालाही हाच नियम लागू आहे. फक्त त्याचे फूल पानांआधी, उन्हाळ्यातच मातीतून वर येते. ते पाहून पाण्याचा मारा करू नये, पान उलगडेपर्यंत थांबावे.