लिनक्सचे डेस्कटॉप स्वतः वापरून कसे पाहावेत

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायचं ठरलं की ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन अशी डेस्कटॉपांची, म्हणजे खिडक्या, मेन्यू आणि पट्ट्या दाखवणाऱ्या भागाची, नावं समोर येतात आणि नवखा माणूस गोंधळतो. स्क्रीनचे फोटो पाहून यातलं काहीही निवडू नका. चार दिवस हाताळल्याशिवाय डेस्कटॉप कळत नाही, आणि हाताळायला हार्डडिस्कला हात लावावा लागत नाही.

१६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवा आणि त्यावर व्हेंटॉय हे मोफत साधन बसवा. बसवताना पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, म्हणून यादीत तोच निवडला आहे ना, हे दोनदा तपासा. मग फेडोरा वर्कस्टेशन (यात ग्नोम येतो), फेडोराची केडीई आवृत्ती, लिनक्स मिंटच्या सिनॅमन आणि एक्सएफसीई आवृत्त्या या लिनक्सच्या तयार संचांपैकी हव्या त्यांच्या आयएसओ फाइली (अख्खा संच एका फाइलमध्ये) त्यावर नुसत्या कॉपी करा.

संगणक पुन्हा सुरू करताना बूट मेन्यू (संगणक कशावरून सुरू करायचा ते विचारणारी यादी) उघडा. त्याची कळ बहुतेक एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. त्यात पेनड्राइव्ह निवडा आणि मग व्हेंटॉयच्या यादीतून एक आयएसओ निवडा. डेस्कटॉप आला की इन्स्टॉलच्या वाटेला जाऊ नका.

आता खेळत बसण्यापेक्षा रोजचं काम करा. वायफाय जोडा, प्रिंट काढा, झाकण मिटून लॅपटॉप झोपतो आणि नीट उठतो का पाहा. मराठी कीबोर्ड जोडून अर्धं पान टाइप करा. भाषा बदलायला किती कळा दाबाव्या लागतात, हे तेव्हाच समजतं. वेगावरून मात्र मत बनवू नका, कारण पेनड्राइव्ह मुळातच संथ असतो. त्याऐवजी सिस्टिम मॉनिटरमध्ये किती मेमरी खर्च होते ते बघा. बंद केल्यावर केलेले बदल पुसले जातात, तेव्हा लिहिलेलं जपायचं असेल तर ईमेलने स्वतःला पाठवा.

माझं मत विचाराल तर ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपला एक्सएफसीई द्या. विंडोजची सवय असेल तर सिनॅमन लगेच हाताशी बसतो. ग्नोमला निदान तीन दिवस द्या. २०११ साली ग्नोम ३ ने कामाची पद्धतच बदलली आणि ती न रुचलेल्यांनी माटे आणि सिनॅमन उभे केले. पण सुपर कळ (विंडोजचं चिन्ह असलेली) अंगवळणी पडली की ग्नोमची शिस्त आवडू लागते.

लिनक्स आधीच बसवलेलं असेल, तर त्यातच दुसरा डेस्कटॉप घालता येतो. आधी टाइमशिफ्ट या साधनाने सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे आत्ताच्या स्थितीची प्रत, घ्या. मग नवीन युजर खातं उघडा, कारण सेटिंग्ज होम फोल्डरच्या लपलेल्या फाइलींत राहतात आणि एकाच खात्यात दोन डेस्कटॉपांची थीम, फॉन्ट, कर्सर यांची सरमिसळ होते. डेबियन या लिनक्सच्या संचावर टर्मिनलमध्ये रूट (प्रशासकाच्या) अधिकाराने टास्कसेल हा पॅकेजांचे गट बसवणारा प्रोग्रॅम चालवा, स्पेसबारने डेस्कटॉपवर खूण करा. मध्येच डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) कोणता, असं विचारलं तर जुनाच ठेवा. लॉगआउट करा, नवं खातं निवडा आणि पासवर्ड टाकण्याआधी सेशनच्या यादीतून (ग्नोमच्या लॉगिन पडद्यावर गिअरच्या चिन्हावर) नवा डेस्कटॉप निवडा.

नाही आवडला तर नवं खातं काढून टाका. पण डेस्कटॉपबरोबर आलेली ढीगभर पॅकेजं एकेक करून काढत बसू नका, स्नॅपशॉटवर परत जा.