१८०४ चा अमेरिकी तांब्याचा सेंट अस्सल आहे की नाही, हे कसे ओळखावे

१८०४ हे साल उच्चारले की अमेरिकी नाण्यांविषयी थोडेफार वाचलेल्या माणसाला त्या सालाचा चांदीचा डॉलर आठवतो. तो डॉलर प्रत्यक्षात १८३४ पासून पुढे पाडला गेला आणि सामान्य संग्राहकाने त्याच्या वाटेला जाण्याचे काही कारण नाही. त्याच सालाचा तांब्याचा सेंट मात्र बाजारात फिरून झिजलेले खरेखुरे चलन आहे. तो दुर्मिळ असला तरी विक्रीला येतो, आणि म्हणूनच त्याच्या नावावर खोटी नाणीही भरपूर येतात. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या दप्तरी त्या वर्षी साडेसात लाखांहून अधिक सेंटांची नोंद आहे, पण त्यांतील बहुतेकांवर १८०३ हेच साल होते. प्रत्यक्ष १८०४ साल असलेल्या सेंटांची संख्या साधारण ९६,५०० धरली जाते.

असा सेंट समोर आला की सालाकडे सर्वांत शेवटी पाहावे. हा उलटा वाटणारा नियम मी पैसे घालवून शिकलो आहे.

पायरी १ : वजन आणि कड

१७९६ पासून सेंटाचे प्रमाणित वजन १६८ ग्रेन, म्हणजे सुमारे १०.८९ ग्रॅम होते. झिजलेले नाणे त्याहून थोडे हलके भरते आणि त्यात काही गैर नाही. कड साधी असावी, तिच्यावर अक्षरे नसावीत आणि कुठे जोड दिसू नये. दोन पातळ पत्रे जोडून केलेल्या नकलेचा सांधा कडेवरच सापडतो. लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला जागोजागी दिला जातो, पण त्यावर भिस्त ठेवू नये, कारण नाणे खोटे करणाऱ्यालाही तांबे सहज मिळते.

वजन बरोबर भरले म्हणून हुरळून जाऊ नये. सर्वांत धोकादायक खोटे नाणे म्हणजे १८०३ चा अस्सल सेंट, ज्याचा शेवटचा अंक कोरून बदललेला असतो. त्याचे वजन खरे, तांबे खरे, वय खरे आणि झीजही खरी असते. खोटा असतो तो एकच अंक.

पायरी २ : आधी मागची बाजू

या काळातील सेंटाच्या मागच्या बाजूस फितीने बांधलेल्या दोन फांद्या, मध्ये ‘वन सेंट’ ही अक्षरे आणि अगदी खाली एकशतांश हा अपूर्णांक असतो. १८०४ च्या अस्सल नाण्यावर या अपूर्णांकाचे अंक मोठे असतात. अपूर्णांक मुळीच नसेल आणि फांद्यांच्या जागी पूर्ण गोलाकार माळ असेल, तर ते नाणे १८६० च्या सुमारास खासगी रीतीने पाडलेली नक्कल आहे. कोणीतरी टांकसाळीने टाकून दिलेला १८०३ चा दर्शनी ठसा (म्हणजे नाण्याची पुढची बाजू पाडणारा साचा) दुरुस्त करून त्यावर १८०४ केले आणि त्याला १८२० च्या सेंटाचा मागचा ठसा जोडला. ही नक्कलही लोक हौसेने जमवतात व तिला स्वतःची किंमत आहे, परंतु ती अस्सल म्हणून कोणी विकत असेल तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे.

पायरी ३ : शून्य आणि ‘ओ’ यांची रेषा

इथे मी अडखळलो होतो, म्हणून इथे थोडे थांबतो.

१८०४ चे सगळे अस्सल सेंट ठशांच्या एकाच जोडीतून निघाले आहेत. संग्राहक या जोडीला शेल्डन २६६ म्हणतात. नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी या तांब्याच्या सेंटांना दिलेले हे क्रमांक आजही सर्वत्र वापरले जातात. या जोडीची सर्वांत प्रसिद्ध खूण अशी की दर्शनी बाजूवरील सालातील शून्य हे मागच्या बाजूवरील ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ या अक्षरांपैकी ‘ओएफ’ (OF) या शब्दातील ‘ओ’च्या बरोबर पाठीमागे येते. नियम एका वाक्यात मावतो, आणि त्यामुळेच तो समजल्यासारखा वाटतो.

पहिली चूक नाणे उलटण्याची. आपले आजचे रुपयाचे नाणे पुस्तकाच्या पानासारखे उलटले की मागची बाजू सुलटी दिसते, आणि हाताला तीच सवय असते. अमेरिकी नाणे तसे उलटले तर मागची बाजू डोक्यावर उभी दिसते, कारण तिथे दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट्या ठेवण्याची रीत आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी असा सेंट पानासारखा उलटला, अक्षरे उलटी दिसली म्हणून ती वाचण्यासाठी नाणे हातात फिरवून सुलटे केले आणि शून्याच्या मागे अपूर्णांक का येतो आहे, याचा विचार करत बसलो. नाणे फिरवले त्याच क्षणी मोजमाप हातातून गेले होते, आणि ते माझ्या ध्यानातही आले नाही.

यावर उपाय अगदी साधा आहे. शून्याच्या बरोबर खाली, नाण्याच्या कडेवर, अंगठ्याचे नख टेकवावे. नख जराही न हलवता नाणे हवे तसे उलटावे आणि मागच्या बाजूने नखाच्या शेजारी कोणते अक्षर येते ते पाहावे. ते ‘ओ’ असले पाहिजे. या रीतीत नाणे कोणत्या दिशेने उलटले याने काही फरक पडत नाही. नाणे प्लॅस्टिकच्या बंद डबीत असेल तर नखाऐवजी डबीवर पेन्सिलचे टोक धरावे.

दुसरी चूक अधिक महागात पडली. एका नाणेप्रदर्शनात एका विक्रेत्याकडील सेंटावर हा नियम लावून पाहिला, तेव्हा शून्य ‘ओ’च्या जवळपास आले आणि मी समाधानाने पैसे मोजले. जवळपास येण्याला काहीही अर्थ नसतो, हे मला नंतर कळले. या नक्षीच्या कोणत्याही सेंटावर सालातील तिसरा अंक तळाशी, मध्यापासून किंचित उजवीकडे असतो, आणि ‘ओएफ’ हा शब्द माथ्यावर, तोही किंचित उजवीकडे असतो. त्यामुळे १८०३ च्या नाण्यावरही हे दोघे बऱ्याचदा एकमेकांच्या आसपासच येतात. माझे नाणे तसेच १८०३ चे निघाले. म्हणून शून्याचा मध्य आणि ‘ओ’चा मध्य एका रेषेत आहेत की नाहीत, एवढेच पाहावे. शून्य जर ‘ओ’ आणि शेजारच्या ‘एफ’ यांच्या फटीत येत असेल, तर विक्रेत्याने कितीही समजावले तरी नाणे परत द्यावे. ठसे जरा फिरले असतील, हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. दुसऱ्या एखाद्या सालाच्या नाण्याबाबत मी ते ऐकून घेईन, या सालाबाबत नाही.

नाणे छायाचित्रावरून घ्यायचे असेल तर ही पायरी करताच येत नाही, कारण विक्रेता दोन्ही छायाचित्रे सुलटी करून लावतो. नख टेकवून नाणे उलटतानाचे काही सेकंदांचे चलचित्र मागावे. ते पाठवण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी नाणे घेत नाही.

पायरी ४ : तुटलेल्या ठशाच्या खुणा

ही जोडी वापरता वापरता फुटत गेली. आधी दर्शनी ठशाचा कडेचा तुकडा ‘लिबर्टी’ शब्दातील शेवटच्या तीन अक्षरांच्या, आर-टी-वायच्या, वर तुटला. नंतर मागच्या ठशाचा तुकडा ‘अमेरिका’ शब्दातील एम-ई-आर-आय-सी या अक्षरांवर गेला. ठशाचा तुकडा पडला की नाण्यावर खळगा पडत नाही, उलट तिथे तांब्याचा सपाट उंचवटा उरतो, कारण दाबलेले तांबे त्या मोकळ्या जागेत शिरते. हा उंचवटा मिळाला तर तो मोठा दिलासा समजावा. सुरुवातीच्या, ठसे शाबूत असतानाच्या नाण्यांवर तो नसतो, त्यामुळे तो नसणे हा दोष नव्हे.

पायरी ५ : आता साल

खोलीत अंधार करून विजेरी नाण्याच्या पातळीवर, बाजूने धरावी आणि दहापट भिंगातून शेवटच्या अंकाभोवतीची जमीन पाहावी. तीनाचा चार करताना तांबे काढावे लागते, म्हणून तिथे उथळ खोलगटपणा, बारीक समांतर ओरखडे किंवा भोवतालच्या काळसर तपकिरीहून वेगळा रंग दिसतो. आधीचे तिन्ही अंक झिजून गुळगुळीत झालेले असताना चौथ्याच्या कडा धारदार असतील, तर तो अंक त्यांच्याबरोबर जन्मलेला नाही. इंग्रजी चाराची आडवी रेघ जिथे उजवीकडे संपते, तिथे अस्सल नाण्यावर एक छोटी उभी रेघ असते. खडबडीत, कळकलेल्या नाण्याबाबत दुप्पट सावध राहावे, कारण कोरणीच्या खुणा लपवायला कळंकासारखी सोय नाही.

यानंतरही शंका उरली तर पीसीजीएस किंवा एनजीसी या, नाणी तपासून प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देणाऱ्या, संस्थांपैकी एकीने तपासून बंद केलेलेच नाणे घ्यावे आणि डबीवरील क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावरील नोंदीशी ताडून पाहावा, कारण आता डब्याही खोट्या येतात.

पायरी ६ : घरी आणल्यावर

ते घासू नये. तांब्याच्या तांब्याला देवघरात जी चिंच आणि मीठ लावले जाते, ती या नाण्याला लावली की दोनशे वर्षांत धरलेला रंग दोन मिनिटांत जातो आणि मागे गुलाबी, निर्जीव तांबे उरते. अनेक शिवराई नाण्यांची आपल्याकडे हीच गत झालेली आहे. नाणे कडेने धरावे, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये आणि मुंबई-कोकणच्या हवेत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवून त्या पावसाळ्यात दर महिन्याला बदलाव्यात.

फिलाडेल्फियाची टांकसाळ त्या काळी सेंटासाठी तयार चकत्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन यांच्याकडून मागवीत असे. बोल्टन यांच्याच सोहो टांकसाळीने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी तराजूची खूण असलेले तांब्याचे पैसे पाडले, आणि त्यांतील काहींवरही १८०४ हेच साल आहे. ते पैसे या सेंटाच्या मानाने फारच स्वस्तात मिळतात. माझ्या पेटीत दोन्ही शेजारी ठेवलेले आहेत.