किंग्ज गॅम्बिट नाकारायचा कसा?

बुद्धिबळात पांढऱ्याचे ई४, तुमचे ई५ (अक्षर म्हणजे पटावरचा उभा रकाना, आकडा म्हणजे आडवी ओळ) आणि लगेच त्याने एफचे प्यादे दोन घरे पुढे ढकलले, की हात शिवशिवतो. प्यादे देऊ करणारी ही सुरुवात म्हणजेच किंग्ज गॅम्बिट. समोर फुकटचे प्यादे दिसत असते! घेतले तर चूक नाही, पण पुढच्या दहाबारा चाली त्याने पाठ केलेल्या असतात आणि तुम्ही चाचपडत बसता. १९६० मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे अमेरिकेच्या बॉबी फिशरने सोव्हिएत संघाच्या बोरिस स्पास्कीचे हे प्यादे घेतले आणि डाव गमावला. म्हणून नवख्या खेळाडूने ते घेऊच नये, असे मला मनापासून वाटते.

त्याऐवजी काळा उंट सी५वर आणा. आधी उंट, मग डी६. उलट केलेत तर उंट आतच कोंडतो.

पण मग ई५चे प्यादे उघडे पडले ना? पट मांडून बघाच. पांढऱ्याने ते मारले, तर वजीर थेट एच४वर नेऊन शह द्या. त्याने जी३ घातले, तर वजिराने ई४चे प्यादे मारा: राजाला शह आणि कोपऱ्यातला हत्तीही गेला. शह चुकवायला राजा ई२वर आला, तर वजीर ई४ घेतो आणि मात! सी५वरच्या उंटाने एफ२चे घर रोखलेले असते, राजाला पळायला जागाच उरत नाही.

जाणता खेळाडू मात्र घोडा एफ३वर काढतो. आता एच४चा शह गेला आणि ई५ला खरा धोका आहे, म्हणून डी६ खेळा.

नंतर त्याने सी३ केले, तर त्याला डी४ ढकलून उंट हुसकायचा आहे. तुम्ही घोडा एफ६वर आणून ई४वर मारा धरा. डी४ आलेच, तर प्याद्याने प्यादे घ्या. त्याने सीच्या प्याद्याने परत घेतले, की उंट बी४वर शह देत निसटतो.

त्याने सी३ऐवजी वजिराकडचा घोडा सी३वर काढला, तर आपले दोन्ही घोडे बाहेर काढा आणि सवड मिळताच ए६ खेळून ठेवा. तुमचा उंट जी१चे घर धरून बसलेला असल्याने पांढऱ्याला त्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करता येत नाही, म्हणून तो ए४वर घोडा आणून उंटाच्या मागे लागेल. तेव्हा उंट ए७वर न्या. तिथूनही त्याची नजर जी१वरच असते.