'हे तिकडून ढापलंय' म्हणण्याआधी: जुनी कॉमिक्स आणि हेरमालिका यांच्या तारखा कशा जुळवायच्या

साठच्या दशकातल्या अमेरिकन कॉमिक्सची आणि टीव्हीवरच्या हेरमालिकांची आवड असलेली चार माणसं एकत्र आली की फार वेळ जात नाही, कुणीतरी म्हणतंच, "मार्व्हलची शील्ड म्हणजे 'द मॅन फ्रॉम अंकल'ची सरळसरळ उचलेगिरी." (शील्ड ही मार्व्हलच्या कॉमिक्समधली हेरसंघटना, अंकल ही टीव्हीवरच्या मालिकेतली.) दुसरा उसळतो. तिसरा बॉण्डला मध्ये ओढतो. चौथ्याला 'द प्रिझनर' या ब्रिटिश मालिकेखेरीज कशातच रस नसतो. हा वाद मला मनापासून आवडतो, पण नुसत्या आवाजाच्या जोरावर चालला की त्यात काही उरत नाही. तारखा हाताशी घेऊन भांडलं तर तोच वाद तासन्‌तास पुरतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू अर्ध्याअर्ध्या बरोबर निघतात.

मी वापरते ती रीत साधी आहे. एक वही घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात मालिकेचा भाग मूळ देशात कधी दाखवला ते. दुसऱ्यात तो दुसऱ्या देशात, म्हणजे बहुतेक वेळा ब्रिटनमधून अमेरिकेत, कधी पोहोचला ते. तिसऱ्यात कॉमिकवर छापलेला महिना. चौथ्यात तो अंक प्रत्यक्ष विक्रीला कधी आला असेल ते. लोक पहिला आणि तिसरा रकाना भरून थांबतात आणि तिथेच फसतात.

कारण अंकावर छापलेला महिना खरा नसतो. अंक जुना वाटू नये आणि विक्रेत्याने तो लवकर परत पाठवू नये, म्हणून प्रकाशक पुढचा महिना छापत. त्या काळच्या अमेरिकन अंकांसाठी छापील महिन्यातून दोन ते तीन महिने वजा करा. लेखन, चित्रं, शाई, रंग आणि छपाई यांचा वेळ त्याच्याही आधीचा. मी ढोबळमानाने अर्धं वर्ष धरते: डिसेंबरचा अंक असेल, तर लेखक-चित्रकाराच्या डोक्यात फार तर उन्हाळ्यापर्यंतचं जग असणार. ब्रिटिश वार्षिकांची गंमत आणखी वेगळी. त्यांतल्या अनेकांवर पुढच्या वर्षाचा आकडा असतो, पण ती आदल्या शरद ऋतूत, नाताळच्या भेटी डोळ्यांसमोर ठेवून बाजारात येत.

महिना सापडत नसेल तर आतल्या पानावरची बारीक अक्षरांतली प्रकाशनाची ओळ वाचा. गोल्ड की आणि डेल या प्रकाशकांच्या अंकांवर एक सांकेतिक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे तीन आकडे तुमच्या कामाचे. 602 असेल तर 1966चा फेब्रुवारी, 510 असेल तर 1965चा ऑक्टोबर. वर्षाचा एकच आकडा दिल्यामुळे दशक कोणतं, असा घोळ झालाच तर किमतीकडे बघा. साठच्या दशकाचा मोठा भाग नेहमीचा अंक 12 सेंटला होता, त्याआधी 10, आणि 1969च्या सुमारास 15.

आता अंकल आणि शील्डचं प्रकरण लावून बघू. 'द मॅन फ्रॉम अंकल' एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली 22 सप्टेंबर 1964ला. मार्व्हलचा नायक निक फ्युरी शील्डचा प्रमुख झाला तो 'स्ट्रेंज टेल्स'च्या 135व्या अंकात, छापील महिना ऑगस्ट 1965. दोन-तीन महिने वजा केले तर अंक मे-जूनमध्ये आला. त्यांच्या कामाचा वेळ वजा केला तरी लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांच्यासमोर मालिकेच्या पहिल्या मोसमाचा बराच भाग होता. अंकलच्या मुख्यालयात शिंप्याच्या दुकानातून, कपडे बदलायच्या खोलीतल्या चोरदारातून जायचं. शील्डच्या मुख्यालयात न्हाव्याच्या दुकानातून, खुर्चीसकट खाली उतरून. इथपर्यंत उचलेगिरीवाल्यांचा जय.

पण वही पुढे चालवा. फ्युरी हा माणूस 'सार्जंट फ्युरी'च्या पहिल्या अंकापासून, मे 1963पासून आहे. तिथे तो दुसऱ्या महायुद्धातला सैनिक. त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या 21व्या अंकात तो सीआयएचा माणूस म्हणून येतो, डोळ्यावर पट्टी नसलेला. म्हणजे अंकलचा एकही भाग दाखवला गेला नव्हता तेव्हाच फ्युरी हेर झाला होता! तेव्हा हवेत काय होतं? 'डॉ. नो' हा बॉण्डपट अमेरिकेत मे 1963मध्ये लागला होता. आणि खुद्द अंकलमध्येही बॉण्डचा लेखक इयन फ्लेमिंग याचा हात आहे, मालिकेच्या नायकाचं नेपोलियन सोलो हे नाव त्याचंच. संघटनेच्या आद्याक्षरांतून नाव बनवायची हौससुद्धा फ्लेमिंगच्या स्पेक्टरमध्ये, म्हणजे बॉण्डच्या शत्रूंच्या टोळीत, आधीच दिसते. 1965च्या नोव्हेंबरात टॉवर कॉमिक्सने वॉली वुडचे 'थंडर एजंट्स' काढले तेव्हा तर तो फॅशनचाच भाग होता. एकाच विहिरीवरून दोन घरांनी पाणी भरलं, तर एकाने दुसऱ्याची घागर चोरली असं होत नाही.

म्हणून माझ्या वहीत या जोडीपुढे लिहिलंय: माणूस आधीचा, कचेरी नंतरची. वाद घालणाऱ्या दोन्ही मंडळींना हे वाक्य आवडत नाही, त्यावरून ते बरोबर असावं असं मला वाटतं.

साम्य शोधून झालं की फरकही लिहा. हे कुणी करत नाही, आणि खरी मजा तिथे आहे. अंकल मालिका बरीचशी एमजीएम स्टुडिओच्या आवारातल्या जुन्या देखाव्यांत चित्रित व्हायची. न्यूयॉर्क, पॅरिस, आणखी कुठलंही शहर, सगळं तिथेच. टीव्हीला पैसे मोजावे लागत. कर्बीला शाई लागत होती. त्यामुळे त्याच 135व्या अंकात तो आकाशात तरंगणारं अख्खं मुख्यालय उभं करतो, हेलिकॅरियर. तशी वस्तू त्या वर्षी कुठल्याही मालिकेच्या आवाक्यात नव्हती. पुढे 151व्या अंकापासून जिम स्टेरान्को येतो, सुरुवातीला कर्बीच्या आराखड्यांवर हात फिरवत, मग स्वतःच लिहीत आणि काढत. त्याच्या पानांवर ऑप-आर्ट, म्हणजे दृष्टिभ्रमाची चित्रकला, दिसतं, साल्वादोर दाली दिसतो, टीव्ही फारसा दिसत नाही. 167व्या अंकात त्याने चार पानांचं एकच चित्र काढलं. ते सलग बघायचं तर दोन प्रती शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. इथवर आल्यावर 'अंकलची नक्कल' हा आरोप मी ऐकूनच घेत नाही.

मालिकांवरून परवान्याने निघालेली कॉमिक्स ही वेगळी जात. गोल्ड कीची 'द मॅन फ्रॉम अंकल', 'आय स्पाय', 'द वाइल्ड वाइल्ड वेस्ट', डेलची 'मिशन: इम्पॉसिबल' आणि 'गेट स्मार्ट' ही त्यातली. इथे नकलेचा प्रश्नच नाही, परवानाच घेतलाय. इथे विचारायचं ते असं की चित्रकाराने मालिका कितीशी पाहिली असेल? गोल्ड कीच्या अंकलच्या पहिल्या अंकावर फेब्रुवारी 1965 आहे. वजाबाकी करा. मालिका जेमतेम सुरू होत होती तेव्हा अंकाचं काम चालू असणार, म्हणजे चित्रकाराच्या पुढ्यात पडद्यापेक्षा प्रसिद्धीसाठीची छायाचित्रंच जास्त असणार. चेहरे पुन्हा पुन्हा त्याच कोनातून आणि त्याच हावभावाने दिसले तर आश्चर्य नको. आणखी एक गोष्ट बघा: मालिकेचा पहिला मोसम कृष्णधवल होता, रंग आले 1965च्या सप्टेंबरात. कॉमिक मात्र पहिल्यापासून रंगीत. तेव्हा त्या पहिल्या अंकातल्या सूटचे आणि भिंतींचे रंग घरबसल्या प्रेक्षकाने टीव्हीवर कधी पाहिलेलेच नव्हते. 'मालिकेत टाय निळा होता' असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर आधी मोसम विचारा.

दुसरा रकाना किती महत्त्वाचा आहे ते 'द ॲव्हेंजर्स'वरून कळतं. ब्रिटिश मालिका जानेवारी 1961ची. मार्व्हलचं त्याच नावाचं कॉमिक सप्टेंबर 1963चं. पहिला आणि तिसरा रकाना बघून कुणीही म्हणेल, नाव ढापलं. पण मालिका अमेरिकेच्या एबीसीवर आली ती 1966मध्ये. आधी असणं वेगळं आणि दिसलेलं असणं वेगळं. दिसण्याचा रस्ता दाखवता येत नसेल तर मी तो दावा खोडते. पुढे 1968मध्ये गोल्ड कीने या मालिकेवर अंक काढला तेव्हा 'ॲव्हेंजर्स' हे नाव कॉमिक्सच्या बाजारात मार्व्हलचं होऊन बसलं होतं, म्हणून अंकाला मालिकेतल्या दोन नायक-हेरांचं नाव मिळालं, 'जॉन स्टीड एमा पील'. यादीत तो 'अ'च्या खाली शोधत बसू नका.

याच मालिकेतून खरोखर उचललेलं काही बघायचं असेल तर 1980पर्यंत थांबावं लागतं. 1966च्या 'अ टच ऑफ ब्रिमस्टोन' या भागात हेलफायर क्लब आहे, आणि एमा पील तिथे काळ्या कॉर्सेटमध्ये 'पापाची राणी' बनून येते. एबीसीने तो भाग त्या वेळी दाखवला नाही, तो त्यांना फारच धीट वाटला. ख्रिस क्लेअरमॉन्ट आणि जॉन बर्न यांच्या 'एक्स-मेन'मध्ये 129व्या अंकापासून, जानेवारी 1980, हेलफायर क्लब उभा राहतो. पण सावध: या नावाचे क्लब अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये खरोखर होते. नुसतं नाव जुळणं हा पुरावा नाही, दोघांनी इतिहासातून घेतलं असेल. म्हणून दुसरी खूण शोधायची. इथे ती मिळते आणि भरपूर मिळते. त्या भागातला खलनायक साकारला होता पीटर विनगार्डने, ज्याची पुढे गाजलेली भूमिका जेसन किंग. कॉमिकमधला मास्टरमाइंड हा खलनायक जीन ग्रे या नायिकेला भुलवायला जे नाव घेतो ते जेसन विनगार्ड. क्लबमधल्या 'व्हाइट क्वीन'चं नाव एमा. जीनला चढवलेला काळा पोशाख तर एमा पीलच्या कॉर्सेटचीच आठवण करून देतो. माझा नियम असा: एक खूण म्हणजे योगायोग, दोन म्हणजे शंका, तीन म्हणजे पेनने लिहायचं. त्याआधी पेन्सिल.

'द प्रिझनर'च्या भक्तांना नाराज करत नाही. 17 भागांची ही मालिका ब्रिटनमध्ये सप्टेंबर 1967ला सुरू झाली, अमेरिकेत सीबीएसवर जून 1968ला. 'फॅन्टॅस्टिक फोर'चे 84 ते 87 हे अंक काढून वाचा. 84व्यावर मार्च 1969 आहे, म्हणजे विक्री 1968च्या अखेरीस. डॉक्टर डूम या खलनायकाच्या राज्यातलं एक देखणं गाव, लोकांना आनंदी राहण्याचा हुकूम, आणि पाहुण्यांना बाहेर पडायची सोय नाही. रकाने अगदी चपखल बसतात. शिवाय कर्बीला ही मालिका किती भावली होती याचा पुरावा नंतरचा आहे: 1976च्या सुमारास मार्व्हलने 'द प्रिझनर'चं कॉमिक करायचं ठरवलं, तेव्हा एक आवृत्ती स्टीव्ह एंगलहार्ट आणि गिल केनने सुरू केली आणि दुसरी कर्बीने. दोन्ही तेव्हा छापल्या गेल्या नाहीत. 2018मध्ये टायटन या प्रकाशकाने त्या प्रसिद्ध केल्या. या मालिकेचे भाग कोणत्या क्रमाने बघायचे, हा वाद मात्र माझ्यासमोर काढू नका. चित्रीकरणाचा क्रम वेगळा, प्रक्षेपणाचा वेगळा, आणि आपला क्रमच खरा असं मानणारे लोक जेवण सोडून भांडतात. तारीख लावायची असेल तर प्रक्षेपणाचाच क्रम धरा, कारण कॉमिकवाल्यांनी तोच पाहिला.

पुरावा म्हणून शक्यतो मूळ अंक किंवा त्याची पूर्ण स्कॅन प्रत बघा. संग्रहांत रंग नव्याने भरलेले असतात, जाहिराती गेलेल्या असतात आणि वाचकांच्या पत्रांचं पान बहुतेक वेळा नसतंच. ते पान मी कथेच्या आधी वाचते. अंक हातात असेल तर मधली जोडपानं जागेवर आहेत ना आणि कूपन कापलेलं नाही ना, एवढं तपासा. अंकाच्या पाठीपासून एक पान सुटलं असेल तर अर्धी कथा हरवलेली असते आणि तुम्ही लेखकाला दोष देत बसता. कागद साधा न्यूजप्रिंट, आम्लामुळे पिवळा पडून तुकडे होणारा. सपाट टेबलावर उघडा आणि पाठीला आधार द्या.

सरावासाठी एक जोडी देते, रकाने तुम्ही भरा. डीसीच्या 'शोकेस'चा 43वा अंक, मार्च-एप्रिल 1963, 'डॉ. नो'वर बेतलेला. चित्रपट लंडनमध्ये ऑक्टोबर 1962ला लागला होता, अमेरिकेतली तारीख वर आलीच आहे. द्वैमासिक असल्यामुळे वजाबाकी पहिल्या महिन्यापासून करा, आणि हा मजकूर मुळात ब्रिटनमधल्या 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड'साठी तयार झाला होता हेही ध्यानात धरा. मग सांगा, 1963च्या सुरुवातीला 12 सेंट मोजून हा अंक घेणाऱ्या अमेरिकन पोराने बॉण्ड आधी कुठे पाहिला?