चोवीस तास चालणाऱ्या मशीनला कुठलं कार्ड, कुठली एसएसडी?

बेळगावच्या उद्यमबागेत एका दोस्ताच्या फाउंड्रीत भट्टीचं टेंपरेचर नोंदवायला रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) बसवलेला, त्यात जुन्या मोबाईलमधलं मेमरी कार्ड घातलेलं, एका पावसाळ्यात मेलं. कार्ड वाईट नव्हतं हो, कामच वेगळं होतं. मोबाईलमध्ये दिवसाला चार फोटो पडायचे, इथं दर सेकंदाला एक ओळ. आणि फ्लॅशची (मेमरी कार्डात आणि एसएसडी म्हणजे चिपवाल्या डिस्कमध्ये असते ती मेमरी) गंमत अशी की लिहिलेल्या जागेवर परत लिहायचं तर आधी पुसावं लागतं, पुसायचं तर अख्खा ब्लॉक (अशा बऱ्याच जागांचा गठ्ठा), म्हणजे तुम्ही चिमूटभर लिहिताय आणि आत पोतंभर झीज होतीय.

त्यामुळं घ्यायच्या आधी रोज किती लिहिलं जातंय ते काढा. दोन एमबीपीएसचे (सेकंदाला दोन मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) चार कॅमेरे म्हणजे सेकंदाला 1 एमबी, दिवसाला 86 जीबी. मग बॉक्सवरचा स्पीड सोडा आणि डेटाशीटमध्ये टीबीडब्ल्यू बघा, किती टेराबाइट लिहीपर्यंत वॉरंटी आहे ते. सॅमसंग 870 इव्हो 500 जीबीला 300 आहे, वरच्या हिशोबानं साडेनऊ वर्षं (वॉरंटी मात्र पाचच). त्याच कंपनीच्या 1 टीबीत इव्होला 600 आणि क्यूव्होला 360, कारण क्यूव्होत एका सेलमध्ये चार बिट कोंबलेत, इव्होत तीन. जेवढे जास्त बिट तेवढी लवकर झीज, एवढं लक्षात ठेवलं तरी बास. कार्डच हवं असेल तर 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं घ्या, आणि कुठूनही आणा, आधी एचटूटेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरनं पूर्ण भरून तपासा, 128 जीबी म्हणून 16 चं कार्ड गळ्यात पडतं.

आता लाईटचं. वळीव सुरू झाला की आपल्याकडं लाईट दिवसातनं कितीदा जाते ते सांगायला नको, आणि लिहीत असतानाच गेली तर फाईल सिस्टिम बिघडते, कधी कधी ड्राइव्हच उठत नाही. सर्व्हरच्या एसएसडीत यासाठी कपॅसिटर (लाईट गेल्यावर क्षणभर वीज पुरवणारे) असतात, पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात, आपल्या साध्या एसएसडीत बहुतेक नसतात. महागडी घेण्यापेक्षा मी तर म्हणेन छोटा यूपीएस लावा, तो बाकीचंही वाचवतो.

लिनक्स असेल तर लॉग (सिस्टिमच्या नोंदी) रॅममध्ये ठेवा (लॉगटूरॅम आहे त्यासाठी, पण अचानक लाईट गेली तर मधले लॉग जातात हां), नोएटाइम लावा (फाईल नुसती वाचली तरी वेळ लिहिली जाते, ते बंद होतं), एसएसडी असेल तर एफएसट्रिमचा (रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणारी कमांड) टायमर चालू करा आणि पाचवा हिस्सा रिकामा सोडा. महिन्यातनं एकदा स्मार्टसीटीएल या कमांडनं ड्राइव्हची झीज बघत जा. मेमरी कार्ड सहसा असलं काही सांगत नाही, सरळ मरतं, म्हणून दोस्ताच्या त्या डब्यात आता क्लोन केलेलं दुसरं कार्ड टेपनं चिकटवून ठेवलंय, भट्टीवरच्या पोरालाही बदलता येतं.