अटीतटीच्या प्रायमरीची रात्र: मतमोजणी पाहताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचे, निकाल पुण्यात बसून पाहायचे म्हणजे पहाटेचा गजर लावणं आलं. इंडियाना राज्यातल्या बहुतेक भागात मतदान संध्याकाळी सहाला संपतं, तेव्हा इकडे साडेतीन वाजलेले असतात. ७ मे २००८ ला मी असाच उठलो होतो. डेमोक्रॅटिक पक्षात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा. क्लिंटन सुरुवातीपासून पुढे, आघाडीही बऱ्यापैकी. सातच्या सुमारास न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहणाऱ्या भाच्याला फोन करून सांगून टाकलं, "संपलं रे, बाई आल्या." अंघोळ, पोहे उरकून परत स्क्रीनसमोर येतो तर आघाडी घसरायला लागलेली.

शिल्लक मतं कुठली आहेत, हे न बघणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. त्या रात्री इंडियानातल्या लेक काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) रात्री उशिरापर्यंत आकडेच दिले नव्हते. लेक काउंटी म्हणजे गॅरी, हॅमंड वगैरे शहरं, शिकागोला अगदी खेटून. ओबामा शिकागोचे. गॅरीत कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य. म्हणजे जे मोजून झालं होतं ते क्लिंटन यांचं इंडियाना, आणि जे राहिलं होतं ते बऱ्याच अंशी ओबामांचं.

मग लेकचा पहिला गठ्ठा आला, तो ओबामांकडे जबरदस्त झुकलेला. आता मी उलटी चूक केली. तेच प्रमाण अख्ख्या काउंटीला लावून ओबामांना जिंकवून टाकलं! पण एका काउंटीतही सगळी गावं सारखी नसतात. पूर्ण मोजणीत तिथली त्यांची आघाडी बरीच खाली आली, आणि जवळपास १२ लाख ८० हजार मतांत क्लिंटन सुमारे १४ हजारांनी जिंकल्या. सकाळचा माझा फोन बरोबर ठरला, पण तो निव्वळ नशिबाने.

यावर उपाय म्हणजे कागद-पेन. समजा आघाडी १६ हजारांची आहे आणि ४० हजार मतं शिल्लक आहेत. शिल्लक मतं आणि आघाडी यांची बेरीज करा, ५६ हजार. अर्धे करा, २८ हजार. मागे असलेल्याला बरोबरी करायलाच उरलेल्यांपैकी २८ हजार, म्हणजे ७० टक्के मतं हवीत. आता त्याच भागात आतापर्यंत त्याला किती टक्के मिळालीत ते बघा. पन्नास-पंचावन्न असतील तर झोपा. सत्तरच्या आसपास असतील तर चहा टाका.

'९९ टक्के' म्हणजे संपलं असं समजणं

आपल्याला फेऱ्यांची सवय. एकविसावी फेरी, बाविसावी फेरी, किती राहिल्या ते कळतं. तिकडे प्रत्येक काउंटी आपापल्या गतीने मोजते आणि स्क्रीनवरचा टक्का दोन प्रकारचा असू शकतो. एक, किती केंद्रांचा निकाल आला. यात केंद्र लहान की मोठं हे कळत नाही, आणि टपाली मतं बाहेरच राहिलेली असू शकतात. दुसरा, एकूण मतदानाच्या अंदाजापैकी किती मोजलं. हा अंदाजच असल्यामुळे मधेच ९७ चा ९५ होतो. लगेच घोटाळा म्हणून ग्रुपवर टाकू नका, मतदान अंदाजापेक्षा जास्त निघालं एवढाच त्याचा अर्थ.

कॅलिफोर्नियात तर मतदानाच्या दिवसाचा टपाल शिक्का असलेली मतं पुढचे सात दिवस येत राहिली तरी धरली जातात. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सोळाव्या काँग्रेस मतदारसंघाच्या सर्वपक्षीय प्रायमरीत पहिल्या दोघांनाच नोव्हेंबरच्या लढतीत जागा होती. दुसऱ्या जागेसाठी जो सिमिटियन आणि इव्हान लो या दोघांनाही मिळाली बरोबर ३०,२४९ मतं! फेरमोजणीत लो पाच मतांनी पुढे निघाले. आपल्याकडे त्याच वर्षी मुंबई वायव्यला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, तेव्हा आपण बोटं तोंडात घातली होती.

वाहिनीने सांगितलं म्हणजे निकाल लागला, असं धरणं

आपल्या निवडणूक आयोगासारखी सगळ्या देशाचा निकाल जाहीर करणारी एकच यंत्रणा तिकडे नाही. रात्री 'विजयी' म्हणतात ते एपीसारखी वृत्तसंस्था किंवा वाहिन्या. अधिकृत शिक्कामोर्तब नंतर काउंटी आणि राज्य करतं. इंडियानात सीबीएस वाहिनीने संध्याकाळीच क्लिंटन यांना विजयी म्हटलं, बाकीचे मध्यरात्र उलटेपर्यंत थांबले. थांबणाऱ्यांकडे लक्ष ठेवावं, असं माझं मत. दोन वाहिन्यांचे आकडे जुळत नसतील तर घाबरू नका. २०२४ च्या निवडणुकीत एपी आणि एडिसन रिसर्च ही संस्था मतांच्या आकड्यांची आपापली स्वतंत्र जमवाजमव करत होत्या.

पेनसिल्व्हेनियात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर राज्यव्यापी लढतीत फेरमोजणी आपोआप होते. २०२२ च्या रिपब्लिकन सिनेट प्रायमरीत मतदान झालं १७ मे ला आणि डेव्हिड मॅककॉर्मिक यांनी हार मानली ३ जूनला. १३ लाखांहून जास्त मतांत त्यांचे प्रतिस्पर्धी मेहमेट ऑझ शेवटी ९५१ नी पुढे निघाले.

आकडा अचानक उडाला तर

कधी कधी खरंच गडबड असते. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत मोजणीचा तक्ता जाहीर झाला, त्यात चाचणीसाठीची सुमारे १ लाख ३५ हजार मतं काढायचीच राहिली होती. त्याच दिवशी तो मागे घ्यावा लागला. शेवटी एरिक अॅडम्स ७,१९७ मतांनी जिंकले. असा उडालेला आकडा दिसला की काउंटीची किंवा शहराच्या निवडणूक मंडळाची मूळ साइट उघडायची, स्क्रीनशॉट घ्यायचा आणि अर्धा तास गप्प बसायचं.

आणि अध्यक्षपदाची प्रायमरी असेल तर एक गोष्ट आधीच बघून ठेवा: प्रतिनिधी, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे लोक, कसे वाटले जातात. डेमोक्रॅट ते मतांच्या प्रमाणात वाटतात. इंडियानात इतकी जागरणं होऊन क्लिंटन यांना ३८ आणि ओबामांना ३४ मिळाले. त्याच रात्री नॉर्थ कॅरोलायनात ओबामा मोठ्या फरकाने जिंकले होते. ती खिडकी मी उघडलीच नव्हती.